सामान कोणी उचलले?

आम्ही ज्या शाळेत शिकवतो ती उर्दू माध्यमाची, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. आठवीच्या वर्गाला ‘सफरनामा’ हा लेखनप्रकार समजावून सांगायचा होता. उर्दूतला पहिला सफरनामा म्हणून यूसुफ खान कंबलपोश यांच्या ‘अजाइबात-ए-फरंग’चे (१८४७) नाव फळ्यावर लिहिले. पण नुसत्या नावांनी वर्ग रंगत नाही. म्हणून इंडोनेशियातील लोंबोक बेटावरच्या रिंजानी या ज्वालामुखीची तीन दिवसांची पायी सफर मुलांना सांगायला घेतली. आम्ही तिथे गेलेलो नाही. प्रवासवर्णने, मासिकांतील लेख, सहल कंपन्यांची माहितीपत्रके यांतून वर्षानुवर्षे टिपून ठेवलेले ते वर्णन होते.

वर्ग खरोखरच रंगला. धुके आले, राखेची चढण आली, ज्वालामुखीच्या पोटातले निळे सरोवर आले, रात्रीच्या थंडीत तंबूबाहेर गरम भात आणि कोंबडीचा रस्सा आला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सामान कौन उठाया?”

आम्ही म्हणालो, “पोर्टर लोग.”

“उनका नाम क्या था?”

आम्ही वही चाळली. शिखराची उंची होती, सरोवराची उंची होती, स्फोटाचे साल होते. नाव एकही नव्हते. विचारणाऱ्या मुलाचे वडील मोंढ्यात हमाली करतात, हे आम्हांला ठाऊक होते. त्याचा प्रश्न खोडसाळ नव्हता. तो वर्णन ऐकता ऐकता वजन मोजत होता, आणि आम्ही दृश्य मोजत होतो.

या लेखाचे निमित्त एवढेच. परंतु ही चूक आमच्या एका वहीपुरती नाही, ती एका संपूर्ण लेखनप्रकाराची सवय आहे, असे पुन्हा वाचताना जाणवले. तिची चिकित्सा करणे, आणि त्या चिकित्सेतून स्वतःला न वगळणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आधी डोंगर समजून घेऊ. रिंजानीची उंची ३,७२६ मीटर. इंडोनेशियातील ज्वालामुखींमध्ये उंचीने तो दुसरा. वाट दोन गावांकडून चढते. उत्तरेचे सेनारू आणि पूर्वेचे सेंबालुन. सेनारू धबधब्यांचे, हिरव्या उतरणीचे गाव. सेंबालुन उंचावरचे खोरे, लसणासाठी आणि भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध. बहुतेक पाहुणे वाटाड्या आणि हमाल घेऊन तीन दिवस, दोन रात्रींची सफर करतात. पहिल्या दिवशी ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत चढाई, मध्यरात्रीनंतर उठून शिखर, मग सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या सेगारा आनाक या सरोवराकाठी उतरणे, गरम झऱ्यात अंग शेकणे, आणि पुन्हा दुसऱ्या बाजूचा कडा चढून खाली. सरोवरात बारुजारी नावाचा लहान ज्वालामुखी अजून जागा आहे. २०१५ आणि २०१६ साली त्याने राख उडवली.

या सगळ्या वाटेवर सामान जाते ते खांद्यावरून. एक लांब बांबू, त्याच्या दोन टोकांना दोन बोजे. तंबू, सतरंज्या, तांदूळ, अंडी, कोंबडी, फळे, पाणी, चूल. आपल्या भाषेत तिला सरळ ‘कावड’ म्हणता येईल. पाहुण्याच्या पायात महागडे बूट असतात, कावड वाहणाऱ्याच्या पायात पुष्कळदा साधी रबरी चप्पल. तो पाहुण्यांच्या मागून निघतो, त्यांच्या पुढे पोचतो, आणि ते येईपर्यंत पाणी उकळत ठेवतो.

आता या माणसाचे लेखनात काय होते ते पाहू. आम्ही व्याकरण शिकवणारे, म्हणून वाक्यांकडे आधी पाहतो. “आम्ही कडा गाठला,” “आम्ही शिखर सर केले.” इथे कर्ता स्पष्ट आहे, छाती पुढे काढून उभा आहे. पुढचे वाक्य मात्र असे येते: “तंबू लागले होते.” “चहा आला.” “जेवण तयार झाले.” व्याकरण विचारते, कोण आला? उत्तर येते, चहा. म्हणजे चहाच कर्ता. तो आपल्या पायांनी डोंगर चढून आला, आपणच कपात उतरला. भाषा खोटे बोलत नाही, पण एका माणसाला वाक्यातून अलगद बाहेर काढते. लेखकाला तसे करायचेही नसते. प्रवासवर्णनाचा साचाच असा घडला आहे की श्रम करणारा वाक्याच्या बाहेर राहतो आणि श्रमाचे फळ वाक्यात येते.

जेव्हा तो वाक्यात येतो, तेव्हा दोनच रूपांत येतो. एक, नेहमी हसतमुख. दुसरे, अचाट ताकदीचा. “इतके ओझे घेऊनही हे लोक किती आनंदी!” हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी वाचले आहे की ते आता वर्णन उरलेले नाही, ती पाहुण्याने स्वतःला दिलेली सूट आहे. तो हसतो, म्हणजे त्याला जड होत नाही. त्याला जड होत नाही, म्हणजे आपल्याला विचार करण्याचे कारण नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याचे वडीलही मोंढ्यात हसतात. रात्री मुलगा त्यांची पाठ चेपून देतो, हे मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला माहीत नसते.

ही सवय जुनी आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा थोर निसर्गशास्त्रज्ञ १८५६ साली लोंबोकला आला होता. बाली आणि लोंबोक या दोन शेजारच्या बेटांवरील पक्षी इतके वेगळे का, हा प्रश्न त्याला इथेच पडला आणि त्यातून जीवशास्त्रातील प्रसिद्ध ‘वॉलेस रेषा’ जन्मली. त्याचे ‘द मलाय आर्किपेलॅगो’ हे पुस्तक १८६९ मध्ये आले. त्यात लोंबोकच्या राजाची एक ऐकीव गोष्ट आहे. त्या काळी राज्य बालीच्या हिंदू राजघराण्याचे होते आणि बेटावरची सासाक रयत मुसलमान होती. राजाला माणशी तांदळाचा कर मिळे. मधले अधिकारी त्यातला वाटा खात आणि गावांत माणसे कमी झाली म्हणून सांगत. राजाला खरी शिरगणती हवी होती, पण तसे उघड म्हटले तर पुन्हा खोटेच आकडे आले असते. म्हणून तो मोठ्या लवाजम्यासह बेटावरच्या अग्निपर्वताकडे गेला. परत येऊन त्याने सांगितले की पर्वताच्या देवतेने रोगराईचा इशारा दिला आहे. प्रत्येक माणसामागे एक सुई गोळा करा, त्या सुयांतून पवित्र कट्यारी घडवा, त्या साऱ्यांचे रक्षण करतील. लोकांनी भीतीने सुया पाठवल्या. राजाने सुया मोजल्या. माणसे मोजली गेली.

गोष्ट गमतीची आहे आणि वॉलेसने ती रंगवून सांगितली आहे. परंतु आजच्या पदभ्रमणाची वर्णने वाचताना आम्हांला हीच गोष्ट वारंवार आठवते. डोंगराच्या पायथ्याची माणसे सुयांसारखी मोजली जातात: चार पाहुणे, एक वाटाड्या, तीन हमाल. संख्या बिनचूक असते. सुईला नाव नसते.

स्वतः वॉलेसच्या बाबतीत न्यायाने बोलले पाहिजे. त्याच्याबरोबर सारावाकचा अली नावाचा मलाय तरुण होता. तो आधी स्वयंपाकाला होता, पुढे पक्षी टिपण्यात आणि त्यांची कातडी सोलून जपण्यात तरबेज झाला. वॉलेस त्याचे नाव घेतो, त्याचे कौतुक करतो, आणि १९०५ च्या आपल्या आत्मचरित्रात त्याचे छायाचित्रही छापतो. पुढे १९०७ मध्ये थॉमस बार्बर हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नाते बेटावर गेला असता एक म्हातारा त्याला भेटला आणि आपण ‘अली वॉलेस’ आहोत असे त्याने सांगितले. या प्रसंगापाशी आम्ही थांबलो. अलीला नाव मिळाले, पण आपण कोण हे सांगताना साहेबाचे नाव जोडावे लागले. आणि या सफरींविषयी अलीने स्वतः लिहिलेले असे काही आमच्या हाती नाही.

मग हमालाचा स्वतःचा शब्द कुठे सापडत नाही काय? सापडतो. तो ज्वालामुखीच्या बेटावर नाही, आपल्या लडाखमध्ये आहे. लेहच्या गुलाम रसूल गलवान यांनी लहान वयातच युरोपीय प्रवाशांच्या काफिल्यांत काम धरले. ओझी, घोडी, बर्फातल्या खिंडी यांतून ते काफिल्याचे प्रमुख झाले. मोडक्यातोडक्या, पण आपल्याच इंग्रजीत त्यांनी आत्मकथा लिहिली. ‘सर्व्हंट ऑफ साहिब्ज’ या नावाने ती १९२३ साली प्रसिद्ध झाली, फ्रान्सिस यंगहजबंड यांच्या प्रस्तावनेसह. मोठ्याने वाचण्याचे पुस्तक, असे तिचे उपशीर्षक आहे. संपादिकेने ती भाषा साफसूफ करून साहेबी केली नाही, हे तिचे आपल्यावर उपकार आहेत. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिकांची चकमक झाली तेव्हा हे नाव घराघरांत पोचले. खोरे सर्वांना कळले. ज्याच्या नावाने नदी ओळखली जाते तो ओझेवाला, आणि त्याने एक पुस्तक लिहिले होते, हे किती जणांना कळले? आमच्या उर्दू शाळांच्या ग्रंथालयांत डोंगरावरचे सफरनामे आहेत. मुस्तनसर हुसैन तारड यांचे ‘के टू कहानी’ मुले आवडीने मागतात. गलवान यांचे पुस्तक मात्र आमच्या शाळेच्या कपाटात नाही.

आता आपल्या वाचनाकडे वळू. मराठीत आग्नेय आशियाची गोडी लावली ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने (१९६३). त्या पुस्तकाचे ऋण आम्हीही मानतो. परंतु त्यानंतर इंडोनेशियावर मराठीत आलेल्या फुटकळ लेखनात एक वाक्य ठरून गेलेले दिसते: “मुसलमान असूनही त्यांनी रामायण-महाभारत जपले आहे.” वाक्य सद्भावनेचे असेल, पण ‘असूनही’ हा शब्द आम्हांला टोचतो. त्या एका शब्दात इथल्या मुसलमानाला दिलेला एक टोमणा दडलेला असतो. तिथला माणूस मग माणूस राहत नाही, इथल्या वादातला दाखला होतो.

इथपर्यंत बोलणे आम्हांला सोपे आहे. पुढचे अवघड आहे. सेनारूजवळ बायान नावाचे गाव आहे. तिथली जुनी मशीद दगडी जोत्यावर, बांबूच्या भिंतींची आहे. त्या भागात ‘वेतू तेलू’ नावाने ओळखली जाणारी जुनी परंपरा टिकून आहे; तिच्यात इस्लामबरोबर पूर्वजांचे, मातीचे आणि हंगामाचे विधी गुंफलेले आहेत. हे प्रथम वाचले तेव्हा आमच्या मनात काय आले? तिथे भात कसा पिकतो, मुले कोणत्या शाळेत जातात, भूकंपात किती घरे उरली, यांतले काहीही आले नाही. आले ते हे, की हे लोक नमाज किती वेळा पढतात. आम्ही पाच हजार किलोमीटरवर बसून त्यांची परीक्षा घेऊ लागलो. ज्यांच्या गावोगावी मोहरमचे पंजे उठतात आणि उरुसाला संदल निघतो, त्यांनी हे करावे! एक वाचक ‘असूनही’ म्हणतो, दुसरा ‘तरीसुद्धा आपलेच’ म्हणतो. दोघांनाही बायानचा शेतकरी दिसत नाही. एकाला संस्कृतीचा नमुना दिसतो, दुसऱ्याला उम्मतचा. कावड तशीच चढत राहते.

डोंगराची गावे मुकी नाहीत, हे तर सर्वांत आधी समजून घेतले पाहिजे. रिंजानीशेजारी पूर्वी समालास नावाचा ज्वालामुखी होता. १२५७ साली तो फुटला आणि कोसळला. आजचे सरोवर त्याच खळग्यात आहे. गेल्या काही हजार वर्षांतील सर्वांत प्रचंड उद्रेकांपैकी तो एक. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या काळातील गंधकाचा मोठा थर शास्त्रज्ञांना सापडला होता, पण तो कोणत्या पर्वताचा हे बरीच वर्षे कोडे होते. २०१३ मध्ये ते सुटले. सोडवताना राख आणि कोळसा यांच्या तपासणीइतकाच उपयोग झाला तो ताडपत्रांवरच्या ‘बाबाद लोंबोक’ या जुन्या ग्रंथाचा. समालास कोसळला, पामातान हे नगर गाडले गेले, वाचलेली माणसे डोंगरांकडे पळाली, हे त्यात नोंदलेले होते. म्हणजे जगाला ज्याचा पत्ता लागत नव्हता ती गोष्ट त्या बेटावरच्या लोकांनी कधीची लिहून ठेवली होती. वाचणाऱ्याला उशीर झाला. माहितीपत्रकांत याच लोकांचे वर्णन ‘साधेभोळे गावकरी’ एवढेच असते.

२९ जुलै २०१८ रोजी लोंबोकला ६.४ क्षमतेचा भूकंप झाला. रिंजानीच्या वाटांवर दरडी कोसळल्या आणि शेकडो पदयात्री वर अडकले. वाटाडे आणि बचाव पथकांच्या मदतीने त्यांना खाली आणण्यात आले. जगभरच्या बातम्यांत त्यांचे देश मोजले गेले. ५ ऑगस्टला ६.९ क्षमतेचा दुसरा भूकंप झाला आणि मृतांची संख्या पाचशेच्या वर गेली. पायथ्याची गावे जमीनदोस्त झाली. वाट बंद झाली, २०१९ मध्ये पुन्हा उघडली. मधल्या काळात कावडीवर पोट असलेल्या घरांत चूल कशी पेटली असेल? पदभ्रमणाच्या वर्णनात त्या काळाला एकच वाक्य मिळते: “मार्ग तात्पुरता बंद होता.”

जून २०२५ मध्ये ब्राझीलची एक तरुणी शिखराच्या वाटेवरून दरीत कोसळली आणि चौथ्या दिवशी तिचा मृतदेह हाती लागला. वाटाड्याने काय केले, काय करायला हवे होते, यावर जगभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. एका जिवाचा प्रश्न होता. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याला आपण यशाच्या वर्णनात कधी वाक्यातही घेतले नाही, तो अपघाताच्या दिवशी एकदम कर्ता होतो. शिखर “आम्ही” गाठतो. चूक मात्र “त्याने” केलेली असते. जबाबदारी त्याची असेल तर प्रशिक्षण, दोर, मजुरी आणि नाव, हेही त्याचेच असले पाहिजे.

कोणी म्हणेल, प्रवासवर्णन हा काही मजूर खात्याचा अहवाल नव्हे; सौंदर्याचा अनुभव द्यावा, हेच त्याचे काम. मान्य. आम्हांलाही निळे सरोवर हवे आहे. परंतु ज्या वर्णनातून अर्धी माणसे वगळली आहेत ते कलेच्या दृष्टीनेही अपुरेच. चढण किती उभी आहे, हे रिकाम्या हाताने चढणाऱ्याच्या धापेपेक्षा कावडीच्या वाकलेल्या बांबूवरून जास्त कळते. थंडी किती आहे, हे पाहुण्याच्या जाकिटावरून कळत नाही. पातळ चादरीखाली एकमेकांना चिकटून झोपलेल्यांवरून कळते. त्यांना वाक्यात घेणे म्हणजे दया दाखवणे नव्हे, अचूक लिहिणे आहे.

आणि हा आरोप दूरच्या प्रवाशांवर ठेवून आम्ही सुटत नाही. आमच्या मुस्लिम मराठी साहित्यात मोहल्ला आला, बांगडीवाला आला, विणकर आला, हमाल आला. प्रस्थापित साहित्याने ज्यांना दार उघडले नव्हते, त्यांच्यासाठी आपण दार उघडले, याचा अभिमान आहे. पण डी.एड., बी.एड. होऊन शिक्षकांच्या खोलीत खुर्ची मिळालेले आम्ही जेव्हा मोहल्ल्यावर लिहितो, तेव्हा कधी कधी आम्हीच पाहुणे होतो. गल्ली निवडतो, एक दुःख पाहतो, टिपतो आणि संध्याकाळी आपल्या घरी परततो. आमच्या कथांतही “चहा आला” हे वाक्य आहे. हॉटेलातला तो पोऱ्या कोणाचा, हे आम्ही तरी कुठे लिहिले?

रिंजानी दूर आहे, पण दगड ओळखीचा आहे. आपला दख्खनही लाव्हाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला, त्याच काळ्या कातळात अजिंठा-वेरूळ कोरले गेले, त्यावरच दौलताबादचा किल्ला उभा आहे आणि त्याच्याच झिजेची काळी माती आमच्या शिवारात आहे. म्हणून मुलांना शेवटी आम्ही रिंजानीवर लिहायला सांगितले नाही. शाळेची सहल दौलताबादला गेली होती, तिच्यावर लिहा म्हटले.

सदतीस वह्या आल्या. छत्तीस वह्यांत किल्ला होता, तोफ होती, अंधारी वाट होती आणि “बहुत मज़ा आया” होते. मागच्या बाकावरच्या मुलाने लिहिले होते की खिचडीचा डेग बसपासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत आणि तिथून झाडाखाली कोणी नेला, वाटेत तो किती वेळा खाली ठेवला, आणि सगळ्यांचे जेवण झाल्यावर नेणारा किती वाजता जेवला. शाळेच्या शिपायाचे पूर्ण नाव त्याने वडिलांच्या नावासकट लिहिले होते. आम्ही अकरा वर्षे त्यांना ‘मामू’ म्हणतो. ते नाव आम्ही प्रथम त्या वहीत वाचले.

दहापैकी आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले. मग शिक्षकांच्या खोलीत चहा आला, म्हणजे मामूंनी आणला, तेव्हा आम्ही त्यांना त्यांच्या नावाने बसा म्हणालो. ते बसले नाहीत. दुसऱ्या खोलीतले कप अजून द्यायचे होते.